अंगणातल्या मुंग्यांसाठी कपाशीचे औषध नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मृग लागायला आता थोडेच दिवस उरले आहेत. पहिला पाऊस पडला की आमच्या भागातील अंगणांत जी एक चूक दरवर्षी होते, तिच्याविषयी वेळेवर लिहावे म्हणून हे पत्र पाठवीत आहे. गेल्या काही वर्षांत वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या खेड्यांतून शेणाने सारवलेली अंगणे कमी झाली, सिमेंटची घरे उभी राहिली आणि ज्यांना जागा आणि पाणी आहे त्यांनी घरासमोर मुरमाचा भराव टाकून, वर काळी माती पसरून हरळीची हिरवळ लावली. जी हरळी कास्तकार आयुष्यभर वावरातून खणून धुऱ्यावर फेकतो, तिच्याच कांड्या आम्ही हौसेने आणून लावल्या आणि उन्हाळाभर पाणी देऊन जगवल्या. त्या हिरवळीत मुंग्या येतात, लेकराच्या पायाला डसतात, आणि मग कोठ्यातल्या फळीवर ठेवलेली, कपाशीच्या फवारणीतून उरलेली बाटली काढली जाते. ती बाटली काढू नये, हे मला सांगायचे आहे. परंतु मुंगी डसलेल्या माणसाला नुसता उपदेश नको असतो, उपाय हवा असतो, म्हणून जो उपाय माझ्या अंगणात उपयोगी पडला तोही येथे सविस्तर लिहीत आहे.

ही चूक मी स्वतः केली आहे. गेल्या श्रावणात चार-पाच दिवसांची झड लागली होती. काळ्या जमिनीत पाणी मुरेनासे झाले, आजूबाजूच्या परसांतून आणि नालीच्या काठावरून मुंग्या निघाल्या आणि त्यातल्या त्यात उंच व कोरडी जागा म्हणून आमच्या हिरवळीत व ओट्याच्या कडेला येऊन बसल्या. झड उघडल्यावर हिरवळीत बारीक, रवाळ मातीचे तीन ढिगारे दिसले. माझा चार वर्षांचा नातू त्यातल्या एकावर अनवाणी उभा राहिला आणि क्षणात किंचाळला. त्याच्या दोन्ही पायांवर घोट्यापर्यंत लाल मुंग्या चढल्या होत्या, आणि त्या झटकून पडत नव्हत्या, एकेक चिमटीत धरून काढावी लागत होती. रात्रभर त्याच्या पायांची आग होत होती. दुसऱ्या दिवशी माझ्याच सांगण्यावरून गड्याने कोठ्यातली बाटली काढली, बादलीत अंदाजाने औषध कालवले आणि तिन्ही ढिगाऱ्यांवर ओतले. त्या बाटलीवरचे लेबल ओलाव्याने निघून गेले होते, खालच्या कोपऱ्यात तेवढा अतिजहाल विषाची खूण असलेला लाल त्रिकोण शिल्लक होता. मी तो पाहिला होता, आणि तरीही मी त्याला थांबवले नाही.

संध्याकाळपर्यंत शेजारच्या घरच्या तीन कोंबड्या आमच्या कुंपणाजवळ मरून पडल्या. ओतलेल्या जागेवरच्या मेलेल्या मुंग्या आणि किडे त्यांनी टिपले असावेत. शेजारणीने भांडण केले नाही, पैसेही घेतले नाहीत. ती एवढेच म्हणाली, “बाई, माझं लेकरूही तिथंच खेळते.” त्यानंतर कित्येक दिवस मला नीट झोप लागली नाही. आणि ज्या मुंग्यांसाठी हे सारे केले, त्यांचा नवा ढिगारा आठव्या दिवशी जुन्या जागेपासून दीड हातावर, जास्वंदीच्या बुडाशी वर आला.

असे का झाले, हे मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने समजावून सांगितले. तो कृषी पदवीधर आहे. आपल्याला हिरवळीवर फिरताना ज्या मुंग्या दिसतात त्या सगळ्या कामकरी माद्या असतात आणि त्या घरातील एकूण संख्येचा थोडासाच भाग असतात. अंडी घालणारी राणी खाली, ओलावा असेल तितक्या खोल बसलेली असते व काही वर्षे जगते. वरून ओतलेले जहाल औषध मातीच्या पहिल्या दोन-चार इंचांत अडकते. वरच्या मुंग्या मरतात, राणी राहते, आणि राणी राहिली की घर राहते. काही जातींच्या एकाच घरात अनेक राण्या असतात, तेथे तर असा मारा झाल्यावर घर फुटून दोन-तीन ठिकाणी वसते. म्हणजे विष जितके जहाल आणि मुंगी जितकी लवकर मरणार, तितके ते राणीपर्यंत पोचण्याची शक्यता कमी. मला ही गोष्ट आधी उलटी वाटली होती, आणि मला वाटते बहुतेकांना ती तशीच उलटी वाटत असणार.

आधी कोणत्या मुंग्या आहेत ते पाहिले पाहिजे. हिरवळीतील प्रत्येक मुंगी शत्रू नसते. मोठे काळे मुंगळे, ज्यांना आमच्याकडे माकोडे म्हणतात, ते झाडांच्या बुंध्याशी मातीत राहतात, डिवचले तर चावतात, पण गवताचे काही बिघडवत नाहीत. काही मुंग्या दाणे गोळा करणाऱ्या असतात. त्यांच्या बिळाच्या तोंडाशी गवताच्या बियांची टरफले गोलाकार पसरलेली दिसतात. हिरवळ बी फेकून लावली असेल तर त्या बी उचलून नेतात, म्हणून हरळी कांड्यांनी लावलेलीच बरी. खरा त्रास आहे तो लाल, बारीक, डसणाऱ्या मुंग्यांचा. शास्त्रज्ञ तिला अग्निमुंगी म्हणतात आणि ती मूळची अमेरिका खंडातील आहे. तिच्या एकाच घरात लहान कामकरी मुंग्यांबरोबर काही मोठ्या, चौकोनी डोक्याच्याही दिसतात, आणि ती उघड्या, ऊन लागणाऱ्या जागी, गवताच्या ठोंबाभोवती सैल मातीचा ढिगारा करते. ती जबड्याने कातडीला धरते आणि पोटाच्या टोकाशी असलेल्या नांगीने डंख करते, म्हणून ती झटकून पडत नाही. डंखाची जागा साबणाच्या पाण्याने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवली तर बहुतेकांना आराम पडतो. परंतु कोणाचा चेहरा किंवा ओठ सुजले, अंगभर पित्त उठले किंवा श्वास लागू लागला, तर घरगुती उपचारांत वेळ न घालवता ताबडतोब दवाखाना गाठावा, १०८ ला फोन करावा.

आणखी एक घोटाळा पावसाच्या सुरुवातीला होतो. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात आणि लोक त्यांना मुंग्याच समजतात. त्यांत पंखांच्या मुंग्याही असतात आणि वाळवीही असते. एक किडा तळहातावर घेऊन पाहावा. मुंगीची कंबर अगदी बारीक असते, मिशा कोपरात वाकलेल्या असतात आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीचे अंग एकसारखे जाड, मिशा सरळ आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतात. वाळवीला पांढरी मुंगी म्हणत असले तरी ती मुंगीच्या कुळातली नाही, झुरळाच्या जवळची आहे. तिचा बंदोबस्तही वेगळा आहे. उलट मुंग्या वाळवी खातात. त्या अळ्या, किड्यांची अंडी, मेलेले नाकतोडे ओढून नेतात, आणि त्यांच्या बिळांतून कडक झालेल्या जमिनीत हवा-पाणी जाते. ज्या मुंग्या डसत नाहीत आणि ज्यांचे ढिगारे पायवाटेवर येत नाहीत, त्यांना मी आता हात लावत नाही. सकाळी माती सुकली की खराट्याने ढिगारा पसरवून टाकते, काम भागते.

डसणाऱ्या मुंग्यांसाठी आमिष ठेवावे लागते, आणि ते घरच्या वस्तूंतून होते. टाकणखार, ज्याला सवागी म्हणतात आणि जी सोनार डाग देताना वापरतो, ती किराणा किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. एक पेला, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर कोमट पाण्यात चार चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा सवागी विरघळवावी. सवागी यापेक्षा जास्त टाकू नये, कारण प्रमाण वाढले की मुंग्या वाटेतच मरतात किंवा तोंडच लावत नाहीत, आणि मग आमिषाचा हेतूच राहत नाही. या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून तो बाटलीच्या झाकणात ठेवावा आणि झाकण मुंग्यांच्या रांगेजवळ, बिळाच्या तोंडापासून हातभर अंतरावर मांडावे. त्यावर काठाला खाच पाडलेली नारळाची करवंटी पालथी घालून वर एक दगड ठेवावा. मुंगी खाचेतून आत जाते, लेकराचा हात किंवा कोंबडीची चोच आत जात नाही. हे पाणी हिरवळीवर सांडू देऊ नये, कारण सवागीने गवताचीही मुळे जळतात. उरलेले पाणी पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कदापि भरून ठेवू नये. सवागी घरगुती वस्तू असली तरी पोटात गेल्यास तीही विषच आहे, विशेषतः लहान मुलांना.

पहिल्या संध्याकाळी मी करवंटी उचलून पाहिली. झाकणाच्या काठाभोवती मुंग्या गुरे हौदावर लागावीत तशा एकीला एक लागून उभ्या होत्या, डोकी कापसात आणि पोटे बाहेर. पिऊन पोट इतके ताणले होते की त्याच्या काळपट पट्ट्यांमधून आतले पाणी उजेडात दिसत होते. भरलेली मुंगी मागे सरे, वाटेत भेटणाऱ्या रिकाम्या मुंगीच्या तोंडाला तोंड लावून थोडे तिला देई आणि बिळाकडे जाई. हे तोंडातून तोंडात जाणारे पाणीच खाली अळ्यांना आणि राणीला पोचते, आणि सवागी सावकाश काम करते म्हणूनच तिला तेथवर जायला वेळ मिळतो. पूर्ण वाढ झालेल्या मुंगीला घन पदार्थ गिळताच येत नाही, ती फक्त पातळ तेवढे पिते. घन अन्न अळ्यांना भरवले जाते. रवा टाकला की तो मुंगीच्या पोटात फुगतो आणि ती मरते, असे जे गावोगाव सांगितले जाते, त्यात म्हणूनच काही तथ्य नाही.

पहिले दोन दिवस मुंग्या वाढलेल्याच दिसल्या. घरातले सगळे म्हणाले की हे काय उलटेच झाले. तिसऱ्या दिवशी बोळा सुकला होता, तो पुन्हा भिजवला. सहाव्या-सातव्या दिवशी रांग विरळ झाली आणि तिसऱ्या आठवड्यात बिळाचे तोंड पावसाने बुजले ते कोणी उघडले नाही. एका ढिगाऱ्यावरच्या मुंग्यांनी मात्र साखरेला तोंड लावले नाही. अग्निमुंग्यांना पुष्कळदा गोडापेक्षा तेलकट जास्त आवडते. म्हणून आधी एका कागदाच्या तुकड्यावर साखरपाण्याचा थेंब आणि दुसऱ्यावर शेंगदाण्याचा तेल सुटलेला कूट ठेवून अर्धा तास पाहावे, आणि त्या जिकडे जातील त्यात अगदी थोडी सवागी मिसळावी. आमिषाच्या आसपास हळद, राख, खडू किंवा फवारा काहीही टाकू नये. हळदीच्या आणि राखेच्या रेघेने मुंग्या वळतात, मरत नाहीत. उंबरठ्यावर अशी रेघ ओढायला हरकत नाही, पण आमिषाजवळ ती ओढली तर त्या आमिषापर्यंत येणारच नाहीत. बाजारात मिळणारा मुंग्यांचा खडू कीटकनाशकच असतो आणि दिसायला शाळेतल्या खडूसारखा असतो. मी आयुष्यभर शाळेत शिकवले आहे आणि खडू दिसला की लेकरू तो हातात घेतेच, म्हणून माझ्या घरात तो मी आणू देत नाही.

ज्यांना आमिषाइतका धीर नाही त्यांच्यासाठी उकळते पाणी आहे. सकाळी ऊन पडू लागल्यावर मुंग्या वरच्या थरात येतात, तेव्हा ढिगाऱ्यात काठी खुपसून मोठे भांडेभर उकळते पाणी सावकाश ओतावे. दर वेळी यश येत नाही, दोन-तीनदा करावे लागते आणि तेवढ्या जागेचे गवत जळते, परंतु हरळी चिवट आहे, ती पुन्हा फुटते. हे काम मोठ्यांनीच आणि लेकरांना आत पाठवूनच करावे.

मुंग्या पुन्हा येऊ नयेत म्हणून हिरवळीची निगाही बदलावी लागली. आम्ही गवत विळ्याने अगदी जमिनीला टेकवून कापत होतो, त्यामुळे जागोजागी उघडी माती दिसे आणि ऊन थेट जमिनीवर पडे. अशी उघडी, तापलेली, कोरडी जागाच या मुंग्या निवडतात. आता दीड-दोन इंच गवत राखतो. रोज वरवर शिंपडण्याऐवजी चार-पाच दिवसांनी भरपूर पाणी देतो, त्याने मुळे खोल जातात आणि गवत दाट होते. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि मुंग्यांना आयते घर मिळते, म्हणून होळीनंतर भेगांत बारीक शेणखत आणि माती भरतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण होता. तो जो गोड चिकटा सोडतो त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याच्या शत्रूंना जवळ येऊ देत नाहीत. नळीच्या जोरदार पाण्याने फांद्या धुतल्या, फार लागलेल्या फांद्या छाटून जाळल्या, तेव्हा बुंध्यावरची मुंग्यांची रांग आपोआप तुटली. कुत्र्याचे भांडे रात्री बाहेर ठेवणे बंद केले. यातले काहीही खर्चाचे नाही.

आता त्या बाटलीविषयी. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्या वाचकांना सांगावे लागत नाही. फवारणी करताना हातमोजे घाला, तोंड बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने मारू नका, हे त्यानंतर गावोगाव सांगितले गेले आणि काही प्रमाणात लोक ते ऐकतातही. परंतु वावरात तोंडाला दुपट्टा बांधणारा तोच माणूस संध्याकाळी घरी येऊन तेच औषध लेकरे लोळतात त्या गवतावर उघड्या हाताने ओततो, कारण घर हे त्याच्या लेखी फवारणीचे ठिकाणच नाही. वावरात फवारल्यानंतर किती दिवस आत जाऊ नये हे त्याला ठाऊक असते, अंगणात मात्र दुसऱ्या दिवशी पोर रांगते.

जुन्या भुकट्यांची गोष्ट तर याहून वाईट आहे. आमच्या लहानपणी मुंग्यांसाठी गॅमेक्सिनची पांढरी भुकटी घराघरांत टाकली जाई, तीही धान्याच्या कोठीपाशी. पुढे मिथाइल पॅराथिऑनची भुकटी आणि फोरेटचे दाणे, ज्यांना सगळे थिमेट म्हणून ओळखतात, ते आले. केंद्र सरकारने ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने १८ कीडनाशकांवर बंदी घातली. त्यांत मिथाइल पॅराथिऑन होते, आणि फोरेटचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. तरीही जुन्या घरांच्या माळ्यावर, कोठ्यात, पेरणीच्या सामानात अशा पिशव्या अजून सापडतात आणि “मुंग्यांसाठी आहे, राहू द्या” म्हणून ठेवल्या जातात. माझ्याही घरी एक निघाली. कीडनाशकाच्या डब्यावरील लाल त्रिकोण अतिजहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य, एवढे तरी घरातील प्रत्येक बाईला माहीत असले पाहिजे, कारण अंगण झाडणारी आणि लेकरू सांभाळणारी तीच असते. मात्र हिरवा म्हणजे निर्धोक असे नव्हे. ज्या पिकासाठी आणि किडीसाठी औषध आहे ते लेबलवर छापलेले असते, आणि त्याबाहेर ते वापरायचे नसते.

चुकून असे औषध अंगावर सांडले तर कपडे ताबडतोब काढून अंग साबणाने भरपूर धुवावे. पोटात गेले असेल तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढण्याच्या भानगडीत पडू नये. बाटली किंवा लेबल सोबत घेऊन रुग्णाला दवाखान्यात न्यावे, कारण औषध कोणत्या गटाचे आहे हे कळले तरच डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. आमच्या बाटलीला लेबलच नव्हते, हे आठवले की अजूनही अंगावर काटा येतो.

या पत्राद्वारे माझ्या काही विनंत्या आहेत. खरिपापूर्वी कृषी विभागाच्या ज्या सभा गावोगाव होतात, त्यांत घरच्या अंगणाविषयी पाच मिनिटे तरी बोलावे आणि त्या सभेला बायांनाही बोलावावे. आज तेथे फक्त पुरुष बसतात. कृषी सेवा केंद्रांच्या चालकांनी मुंग्यांसाठी म्हणून कोणी शेतीचे औषध मागितले तर ते देऊ नये. आमच्या तालुक्याच्या गावी एका दुकानात मी मुद्दाम विचारले, तेव्हा मला दोन औषधे काढून दाखवण्यात आली आणि घरात लहान मूल आहे का, हे कोणी विचारले नाही. ग्रामपंचायतींनी बंदी आलेल्या जुन्या भुकट्या आणि अर्धवट बाटल्या गोळा करण्यासाठी वर्षातून एक दिवस ठरवावा आणि त्यांची विल्हेवाट कृषी विभागाच्या सल्ल्यानेच लावावी. लोकांनी त्या स्वतः जाळू किंवा नाल्यात ओतू नयेत. आपल्या दैनिकाच्या कृषी पानावर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडून अंगण व परसबागेतील मुंग्या, वाळवी यांच्याविषयी सोप्या भाषेत लिहून घ्यावे आणि ते मृगाच्या आधी छापावे, ही आपल्याला विशेष विनंती. झड लागल्यावर छापले तर तोवर बाटल्या फळीवरून निघालेल्या असतील.

कळावे,

आपली विश्वासू,
जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक निवृत्त शिक्षिका,
ता. आर्वी, जि. वर्धा